बोलता येईल इतक्याच वेगानं

दिगंबर चौगुले धावताना गप्प झाले, ही बातमी रंकाळ्यावर पसरली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. माणूस कोण, तर कोल्हापूरच्या एसटी स्टँडावर गाड्यांची घोषणा करण्यात उभी नोकरी घालवलेला. गारगोटीची गाडी कुठल्या फलाटाला लागली आणि राधानगरीची अजून का लागली नाही, हे गावाला सांगून सांगून त्यांचा गळा तयार झाला होता. पुढे घोषणा करायला यंत्र आलं, चौगुल्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि सगळ्या गावाच्या वाटणीचं बोलणं एकट्या बायकोच्या पदरात पडलं.

बायको म्हणजे कुमुदताई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. वेळेला पक्क्या, बोलायला मोजक्या, आणि हट्टाला पेटल्या तर अंबाबाईनं समजूत घातली तरी ऐकायच्या नाहीत. चौगुल्यांची साखर काठावर आली म्हणून दोघं पन्नाशीनंतर रंकाळ्यावर चालायला जाऊ लागले, आणि चालता चालता इंगवले सरांच्या मंडळात कधी ओढले गेले ते त्यांनाच कळलं नाही.

इंगवले सर शाळेतून पी.टी. शिकवून निवृत्त झाले होते, पण शिट्टी अजून गळ्यात होती. त्यांच्या मंडळाला नियम दोनच. पहिला, बोलता येईल इतक्याच वेगानं धावायचं. ज्याचं बोलणं तुटलं त्याचा दम तुटला असं समजायचं. दुसरा, कोणीही 'टेकलो' म्हटलं की कारण विचारायचं नाही, पुढच्या विजेच्या खांबापर्यंत सगळ्यांनी चालायचं. बायकाही 'टेकलो'च म्हणायच्या, कारण कोल्हापुरात बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. चौगुल्यांना तर पहिला नियम म्हणजे आंधळा मागतो एक डोळा. तळ्याला फेऱ्या मारताना ते जे सुरू व्हायचे ते टपरीवरचा चहा संपला तरी थांबायचे नाहीत.

त्यांचा लाडका विषय उप्पिटाचा. लग्नाआधी चौगुले मंडळी कुमुदताईंना बघायला कागलला गेली होती, तेव्हा बशीत उप्पीट होतं असं यांचं म्हणणं. पोहे होते असं कुमुदताईंचं. साऱ्या महाराष्ट्रात मुलगी बघताना पोहे देतात, मग आमच्याच घरी उप्पीट कशाला करतील, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. मंडळातले लोक आळीपाळीनं दोघांची बाजू घ्यायचे. खरी गोष्ट अशी की, उप्पीटच होतं. कुमुदताईंनी पोहे भिजवले ते इतके भिजवले की त्यांचा लगदा झाला, आणि पाहुणे दारात असताना आईनं घाईघाईनं रवा भाजायला घेतला. पण ही गोष्ट कुमुदताईंनी लग्नाला इतकी वर्षं होऊनही कबूल केली नव्हती, आणि मरेपर्यंत करायची नाही असं ठरवलं होतं.

तर मुद्दा गडवाटेचा. रंकाळ्यापासून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंतची ही शर्यत दरवर्षी डिसेंबरात व्हायची. हवा अशी तापू लागली होती की डिसेंबरातही शर्यत उजाडायच्या आत सुरू करावी लागे, आणि घाटात पाणी द्यायला ड्रोन फिरायचे. या शर्यतीत एक 'जोडी' गट होता. नवरा-बायकोनं एकत्र धावायचं, आणि दुसरा माणूस पोहोचेल ती दोघांची वेळ धरायची. अडीच तासांच्या आत येणाऱ्या जोडीला गडाच्या दरवाजाचं चित्र कोरलेलं पितळी पदक मिळायचं. कुमुदताईंच्या पायांत ते पदक नक्की होतं. पण आदल्या वर्षी चौगुले वाघबिळाला उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबले, कारण गाडेवाला मूळचा गारगोटीचा निघाला. मग एका ड्रोनला पाणी सांडल्याबद्दल दोन शब्द सुनावले. दोघं वर पोहोचले तेव्हा मांडववाले कमान उतरवत होते.

घरी येईपर्यंत कुमुदताई एक शब्द बोलल्या नाहीत. चौगुले मात्र कमान उतरवणाऱ्या माणसाच्या मुलाची नोकरी कुठे लागली ते सांगत होते.

'उमेद' नावाचं यंत्र त्यानंतरच्या वर्षी बाजारात आलं. त्यामागचं शास्त्र कुमुदताईंना फार आवडलं, कारण त्यात हिशेब होता. धावताना माणूस थकतो ते स्नायूंमुळे, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. थकवा जाणवून देतो तो मेंदू, आणि मेंदू हा जुन्या काळच्या सासूसारखा काटकसरी असतो. डब्यात तूप चांगलं तिसरा हिस्सा शिल्लक असताना ती सुनेला सांगते, संपलं. उद्या पाहुणे आले तर हाताशी असावं, म्हणून. मेंदूही शरीरातली शिदोरी संपायच्या कितीतरी आधी 'आता बास' म्हणतो. पाय जड होतात, कंटाळा येतो, घरची आठवण येते.

उमेदचे दोन भाग होते. दंडावर चिकटवायची एक चकती, तिची केसाएवढी बारीक सुई कातडीखालच्या पाण्यातून साखर, मीठ आणि स्नायूंत साठणारं आम्ल मोजायची. त्यावरून डब्यात तूप खरोखर किती उरलंय ते कळायचं. दुसरा भाग कानात बसायचा. कानाच्या पाळीच्या वर, आतल्या खळग्यात एका मोठ्या मज्जातंतूची फांदी येते. हा मज्जातंतू पोटातून, फुप्फुसांतून, हृदयातून वर मेंदूपर्यंत खबरा नेतो. कानातला भाग तिथे विजेच्या इतक्या हलक्या लहरी सोडायचा की मुंगी चालल्याचंही जाणवू नये. त्या लहरींनी सासूबाई शांत व्हायच्या. शिदोरी असेतोवर थकवा नाही, कंटाळा नाही, 'अजून जमेल' एवढंच वाटत राहायचं. शिदोरी खरंच संपत आली की यंत्र आपणहून थांबायला सांगायचं.

"म्हणजे खोटं नाही सांगत ते," कुमुदताई नवऱ्याला म्हणाल्या. "मेंदू खोटं सांगतो, ते खरं सांगतं."

"आणि ते चुकलं तर?"

"तुमच्या घोषणांपेक्षा कमीच चुकेल. घाला कानात."

चौगुल्यांनी घातलं. बायकोनं सांगितलेलं ते ऐकायचे, फक्त बोलून बोलून ऐकायचे.

पहिल्याच सकाळी फरक दिसला. यंत्र दर माणसाला त्याचा नेमका वेग द्यायचं, आणि त्या वेगात गप्पांना जागा नसायची. चौगुले नाकासमोर बघत पळाले, फेऱ्या संपवून आले आणि पाणी प्यायले. वाटेत कोण भेटलं, असं कुमुदताईंनी विचारलं, तर म्हणाले, "बघितलं नाही."

त्या दिवशी कुमुदताईंना सुट्टी लागल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला, त्यांना फार बरं वाटलं. महिन्याभरात चौगुले त्यांच्या खांद्याला खांदा लावून पळू लागले. मंडळातही एकेकाच्या कानात उमेद दिसू लागलं. जो तो आपल्या वेगानं पळायचा, आपल्या वेळेला घरी जायचा. 'टेकलो' हा शब्द ऐकू येईनासा झाला, आणि टपरीवाल्यानं दुधाचा रतीब निम्मा केला.

एकट्या इंगवले सरांनी ते यंत्र घेतलं नाही. "माझा थकवा माझ्या ओळखीचा आहे," ते म्हणायचे. "त्याला घराबाहेर काढून मी कोणाशी बोलू?" एकदा त्यांनी कुमुदताईंना बाजूला घेतलं. "बाई, चौगुले गप्प झालेत."

"बरं झालं की सर."

"धावताना गप्प झालेला माणूस एक तर फार जोरात पळतोय, नाहीतर त्याला काहीतरी होतंय. मला तिसरं कारण माहीत नाही."

कुमुदताईंनी हसून सोडून दिलं. पण घरी आल्यावर त्यांचं लक्ष जाऊ लागलं. चौगुल्यांकडे सांगायला काही नसायचं. रोज सकाळी तळ्याच्या काठानं गोळा केलेल्या ज्या गोष्टी दिवसभर पुरायच्या, त्या आता गोळाच होत नव्हत्या. जेवताना कुकरच्या शिट्ट्या मोजता येतील इतकी शांतता असायची. एकदा न राहवून कुमुदताई म्हणाल्या, "काढून टाकायचं का ते? शर्यतीपुरतं घालू."

"राहू दे की," चौगुले म्हणाले. "तुला माझ्याबरोबर पळायला आवडायला लागलंय. पहिल्यांदाच."

कुमुदताईंनी त्यांच्या ताटात भात वाढला.

शर्यतीच्या दिवशी सगळं गणित जुळून आलं. अंधारात रंकाळ्यावरून सुटले, उजाडता उजाडता केर्ली मागे पडली, आणि वाघबिळाला रसाच्या गाड्याकडे चौगुल्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. घाट सुरू झाला. एरवी याच चढावर कुमुदताईंची पोटरी बोलायला लागायची, आज चकार शब्द काढत नव्हती. कानात उमेद होतं, हातातल्या घड्याळात भरपूर वेळ शिल्लक होता, खाली कोवळं ऊन शेतांवर पसरत होतं, आणि नवरा खांद्याला खांदा लावून पळत होता. कुमुदताईंना एकदम भरून आलं. एवढं सगळं मिळाल्यावर माणसाला काहीतरी देऊन टाकावंसं वाटतं. त्यांच्याकडे द्यायला एकच गोष्ट होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "उप्पीटच होतं."

"हं," चौगुले म्हणाले.

कुमुदताई आठ-दहा पावलं पळाल्या, मग आवाज चढवून म्हणाल्या,

"ऐकलं का? पोहे नव्हते. पोह्यांचा लगदा झाला होता. आईनं उप्पीट केलं. तुमचंच बरोबर होतं."

"हं."

ज्या माणसानं या एका वाक्यासाठी अख्खा संसार वाट बघितली, तो ते वाक्य कानावर पडल्यावर थांबला नाही, हसला नाही, 'आता हे मंडळात सगळ्यांसमोर सांग' म्हणाला नाही. कुमुदताईंनी वळून नीट बघितलं. चौगुल्यांचा चेहरा शांत होता, अगदी प्रसन्न म्हणावा असा. पण रंग ओल्या राखेसारखा झाला होता, आणि पळता पळता डावा हात सारखा जबड्याखाली जात होता, दाढ दुखत असल्यासारखा.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अहो, थांबा."

"अजून जमेल," चौगुले म्हणाले. हे त्यांचं बोलणं नव्हतं, यंत्राचं होतं. पाय तसेच पडत होते.

कुमुदताईंच्या मनगटावर दोघांचे आकडे दिसायचे. चौगुल्यांची शिदोरी पुरेशी होती, साखर ठीक, आम्ल ठीक, नाडी चढाला शोभेल अशी. आकड्यांत काही म्हणजे काही चूक नव्हती. आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या त्या बाईनं त्या घटकेला आकड्यांकडे पाठ केली. हात धरून ओढावं तर ते पुढे गेले होते. समजावून सांगावं तर ऐकणारा जागेवर नव्हता. मग त्यांना इंगवले सरांची शिट्टी आठवली. त्या घाटाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"टेकलो."

चौगुले चार पावलं पुढे गेले. कुमुदताई म्हणतात, त्या चार पावलांत त्यांचं जेवढं वय झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं. मग पावलं मंद झाली. कानातलं यंत्र पुढे चल म्हणत होतं, पण पायांना नियम माहीत होता. कोणी टेकलं तर कारण विचारायचं नाही, सगळ्यांनी चालायचं. चौगुले थांबले, वळले आणि चालत बायकोकडे परत आले.

"कुठला खांब?" त्यांनी विचारलं.

कुमुदताईंनी पहिल्यांदा त्यांच्या कानातलं उमेद काढलं.

इतका वेळ दाराबाहेर अडवून ठेवलेलं सगळं मग एकदम आत घुसलं. चौगुल्यांना घामाच्या धारा लागल्या. कठड्याला टेकून ते खाली बसले आणि छातीवर पंजा ठेवून म्हणाले, "कुमुद, इथं कोणीतरी पोतं ठेवलंय गं." शर्यतीची रुग्णवाहिका वरच्या एका वळणावर उभी होती, ती खाली यायला फार वेळ लागला नाही. पण तेवढ्यात कुमुदताईंनी अंबाबाईला नवस बोलून टाकला. हा माणूस वाचू दे, मी स्टँडावर जाऊन माईकवरून साऱ्या कोल्हापूरला सांगतो की उप्पीटच होतं.

बाकीचं डॉक्टरीणबाईंनी दुपारी सांगितलं. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती फुगा घालून उघडली होती आणि जाळी बसवली होती. हे काही एका दिवसात झालं नव्हतं. "हृदयाला रक्त कमी पडलं की ते तक्रार करतं," त्या म्हणाल्या. "दम लागतो, जबडा दुखतो, पुढे जावंसं वाटत नाही. यांनाही ते होत असणार. पण ती तक्रार ज्या वाटांनी वर जाते त्यांतल्या मोठ्या वाटेवर तुमचं यंत्र बसलं होतं. त्याला तो कंटाळा वाटला. त्यानं गप्प केला."

"पण आकडे बरोबर होते," कुमुदताई म्हणाल्या.

"ते कातडीखालच्या पाण्यातलं मोजत होतं. वाहिनी किती अरुंद झालीय ते त्याला दिसायची सोय नव्हती. आणखी दोन-तीन वळणं चढले असते तर आपण हे बोलत नसतो. तुम्हाला कसं कळलं?"

कुमुदताईंनी खरं ते सांगितलं. "मी हार मानली, तरी ते जिंकले नाहीत."

डॉक्टरीणबाईंना याचा अर्थ लागला नाही, पण बाई रडताहेत आणि हसताहेत हे दिसल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही.

पुढे कंपनीनं उमेदमध्ये सुधारणा केली. आता ते चढावर मधूनमधून काहीतरी विचारतं, आणि उत्तर तुटक आलं की वेग उतरवतं. इंगवले सर ते ऐकून म्हणाले, हे मी शिट्टीच्या किमतीत करत होतो. पण ती नंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी सर दवाखान्याच्या बाकावर नुसते बसून होते, आणि मंडळातले सगळे त्यांच्या मागे उभे होते. टपरीवाल्यानं किटली पाठवली होती. आतून निरोप येईपर्यंत कोणी चहाला हात लावला नाही.

कुमुदताईंना आत सोडलं तेव्हा चौगुले डोळे मिटून पडले होते. चेहऱ्यावर रंग परतला होता. खाटेशेजारी एक तरुण परिचारिका यंत्रावरचे आकडे बघत होती. कुमुदताईंनी त्या आकड्यांकडे बघितलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं, नवऱ्याचा हात हातात घेतला आणि वाट बघत बसल्या. हात उबदार होता. किती वर्षांत असा नुसता धरला नव्हता, हे त्यांच्या मनात येऊन गेलं.

बऱ्याच वेळानं चौगुल्यांनी एक डोळा उघडला.

"पदक गेलं नव्हं?"

"जाऊ दे. पितळच होतं."

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कुमुद, घाटात तू मला काहीतरी म्हणालीस. उप्पिटाचं काहीतरी. मला नीट आठवंना झालंय."

कुमुदताईंच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. नवस बोललेला होता. पण त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, तर त्या उघडलेल्या एका डोळ्यात स्टँडावरची सगळी गर्दी जमा झाली होती. आज हे वाक्य देऊन टाकलं, तर उद्या हा माणूस भांडणार कशावरून? आई अंबाबाई, नवस फेडीन, त्या मनातल्या मनात म्हणाल्या, माईक घेऊन फेडीन, पण आज नको.

"मी कशाला काय म्हणतो?" त्या म्हणाल्या. "पोहेच होते."

दुसरा डोळाही उघडला.

"पोहे? अगं, पोहे कुठले? बशीत चमचा उभा केला तर उभा राहत होता, त्याला पोहे म्हणतेस? माझा मामा बरोबर आला होता. तो म्हणाला, दिगू, रवा जरा कच्चा लागतोय, पण मुलगी चांगली आहे. आणि वर लिंबाची फोड होती, ती सुद्धा सुकलेली. तुझा भाऊ दारात उभा राहून आम्हाला मोजत होता..."

"काका, बोलू नका," परिचारिका म्हणाली. "विश्रांती घ्या."

कुमुदताईंनी डोळे पुसले, स्टूल आणखी जवळ ओढलं आणि तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बोलू दे गं त्यांना."